‘सेट’ बसवताना

इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ केल्याशिवाय इंग्रजी येत नाही, या मताची मी होते आणि त्या मतासाठी स्टाफरूममध्ये भांडलेही आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ‘शब्द संदर्भातून शिकवा’ म्हणणाऱ्यांचा मला राग यायचा. ज्यांच्या घरात इंग्रजी पेपर येतो, त्या मुलांकडे बघून ते बोलतात असं वाटायचं. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण मराठी माध्यमाच्या मुलांच्या कानावर ते वर्गाबाहेर कितीसं पडतं? त्यांना निदान यादीचा तरी आधार हवा. ही काळजी आजही माझ्या मनातून गेलेली नाही. यादीवरचा विश्वास मात्र गेला, आणि तो एस-ई-टी ‘सेट’ या एका शब्दापायी गेला.

या शब्दाचा लौकिक मोठा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद त्याचीच होती. सुमारे 430 अर्थ, सुमारे 60,000 शब्दांचा मजकूर. माझ्या यादीत त्यातले डझनभर होते: ठेवणे, मांडणे, लावणे, ठरवणे, मावळणे, घट्ट होणे, संच वगैरे. एका शब्दाला ‘मावळणे’ आणि ‘घट्ट होणे’ हे दोन्ही अर्थ का असावेत, असं मुलं विचारायची. मी सांगायची, इंग्रजी तशीच आहे, पाठ करा.

पुढे कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या कामगारांसाठी संध्याकाळचा वर्ग घेऊ लागले. तिथे सीएनसी मशीनवर सेटर म्हणून काम करणारा एक जण होता. फळ्यावर मी ‘सेट = ठेवणे’ लिहिलं, तसा तो उठला. “मॅडम, ठेवणं न्हवं ते. ठेवलेला जॉब हलतोय. सेट केलेला हलत न्हाई.” मी त्याला पुढे बोलावलं आणि काम कसं चालतं ते सांगायला लावलं. जॉब म्हणजे कापायचा धातूचा तुकडा. तो मशीनच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत धरायचा, तिचे जबडे म्हणजे जॉ आवळायचे, जॉब मध्यावर आहे का ते दाखवणारा डायल लावायचा आणि चक हाताने फिरवून सुई बघायची. सुई हलली की जॉब हलकेच ठोकून परत फिरवायचा. सुई एका जागी थांबली की टूलचा ऑफसेट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या जागेचं माप, मशीनमध्ये टाकायचा. पहिला पीस काढून मापं तपासायची. मापं बरोबर आली की जॉब सेट. त्यापुढे ऑपरेटरने नुसतं सायकल स्टार्ट दाबत राहायचं. “बसला म्हणतो आम्ही,” तो म्हणाला. “जॉब बसला.”

मी फळ्याकडे बघत राहिले. बसवणे! टेबल, हाड, हिरा, गाण्याची चाल: या सगळ्यांना इंग्रजी ‘सेट’ लावते. मराठीत आपण हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, गाण्याला चाल बसवतो, नाटक बसवतो, गणपती बसवतो. ‘घट्ट होणे’ म्हणजे सिमेंट बसणं. आमच्याकडे टीव्हीवर मॅच बघताना ‘बॅट्समन सेट झालाय’ म्हणतात, तेव्हा त्याचाही जम बसलेला असतो. माझ्या यादीतले निम्मेअधिक अर्थ एका मराठी क्रियापदाच्या अंगाखांद्यावर आधीच खेळत होते आणि मी ते सुटे करून, क्रमांक घालून मुलांना पाठ करायला देत होते.

घरी येऊन व्युत्पत्ती पाहिली. ‘सेट’ हे ‘सिट’चंच प्रयोजक रूप आहे, म्हणजे बसणेवरून बसवणे. ‘सिट’ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच मुळाचे. आपलं सदन, परिषद, संसद त्यातूनच आलं. सूर्य ‘सेट’ होतो तोही खाली बसतो म्हणूनच. आपलं ‘बसणे’ मात्र या घराण्यातलं नाही; ते ‘उपविश्’पासून ‘बैसणे’ होत आलं. नातं नसताना दोन भाषांना तीच गोष्ट सुचावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सगळंच असं बसत नाही, हेही सांगायला हवं. ‘संच’ या अर्थाच्या ‘सेट’ची कथा निराळी आहे. तो जुन्या फ्रेंचमधून, लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा गट, या शब्दाकडून आला आणि इंग्रजीत येऊन क्रियापदाच्या सेटमध्ये मिसळला. भांड्यांचा सेट, टेनिसचा सेट हे ‘बसवणे’वरून समजावायला गेलं तर ओढाताण होते. मी ती करत नाही.

मग मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश काढला आणि ‘बसणें’ पाहिलं. तिथेही अर्थांची लांबलचक रांग. गळा बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, घडी बसते. ही रांग मी कधीच पाठ केलेली नव्हती, कुणीच केलेली नसते. गळा म्हटलं की ‘बसला’चा अर्थ ठरतो, विश्वास म्हटलं की दुसरा ठरतो. अर्थ शेजारच्या शब्दाने ठरतो. जे. आर. फर्थ या इंग्लिश भाषाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये हेच मांडलं होतं: शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. मी ते बी. एड.च्या वेळी वाचलं होतं. पटलं मात्र शिरोलीत.

संगत किती बारीक असते, हे बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांनी दाखवलं. खऱ्या लिखाणातली आणि बोलण्यातली लाखो वाक्यं संगणकावर चाळून त्यांच्या गटाने 1987 मध्ये कोबिल्ड कोश काढला. ‘सेट इन’ म्हणजे ‘सुरू होणे’, एवढंच माझी यादी सांगे. सिंक्लेअरना दिसलं की ‘सेट इन’ होतं ते बहुधा वाईटच: कूज, जंतुसंसर्ग, निराशा, ऱ्हास. आनंद असा ‘सेट इन’ होत नाही. यादीवर विसंबलेली मुलगी ‘आनंद सेट इन झाला’ असं लिहिणारच आणि तिचा गुण कापला जाणार. चूक तिच्या माथी, पण तिला अर्धाच शब्द दिला होता.

आता मी सुटा शब्द फळ्यावर लिहीत नाही. हाड, खडा, सूर्य, कूज अशा सोबत्यांसकट लिहिते आणि मराठीत त्या जागी काय म्हणाल ते आधी विचारते. ज्यांच्या घरी इंग्रजी नाही, त्यांच्याकडे मराठी भरपूर असते, आणि यादी नेमकी तीच वाया घालवत होती. वर्ग हळू चालतो. परीक्षा जवळ आली की पालक यादी मागतात. ती मी देते, कारण वर्ष वाया जाण्याची त्यांची भीती खरी आहे. पण शिकवणं म्हणून देत नाही.

‘सेट’चा मान आता ‘रन’कडे गेला आहे. ऑक्सफर्डचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी त्या एका क्रियापदावर नऊ महिने घालवून 645 अर्थ नोंदवले. त्याला आपलं ‘चालणे’ बऱ्यापैकी पुरतं: दुकान चालतं, मशीन चालतं, खटला चालतो. ‘गेट’ला मात्र असा सोबती मला अजून सापडलेला नाही. मिळणे, होणे, पोहोचणे, समजणे, सगळे थोडं थोडं अंतर जातात आणि थांबतात. तो शब्द मी सध्या वर्गातल्या मुलांसोबतच शोधते आहे.