पाहिलेले कणीस

चातुर्मासात बाजारात कणसे येऊ लागली की त्या घरी आजींचा एक नियम चाले: सोलून पाहिल्याशिवाय कणीस विस्तवावर जात नसे. अळी बहुधा शेंड्याच्या रेशमी केसांतून आत शिरते. म्हणून पाने उलगडून, केस काढून त्या प्रत्येक ओळ उजेडात निरखीत. मग कोवळे कणीस उकडावे, भरलेले निखाऱ्यावर भाजून लिंबू-मीठ चोळावे. उरलेली किसून हिंग-मोहरीच्या फोडणीवर दुधात शिजवावीत. आले-लसणाची उणीव कोणास भासत नसे. तोडल्यावर कणसाची गोडी हळूहळू पिठूळ होते, म्हणून आणलेली कणसे त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी संपत.

यंदा मोतीबिंदूने आजींची नजर मंदावली. "मला आता कणीस नको," एवढेच त्या म्हणाल्या. न पाहिलेले खाणे त्यांना मान्य नव्हते आणि दुसऱ्यास सांगणे संकोचाचे वाटे.

घाटातल्या गाडीवरचे कणीस न पाहता खाणारा नातू त्या दिवशी दुकानातून लवकर परतला आणि टोपली घेऊन खिडकीशी बसला. तिसऱ्या कणसात अळी निघाली. पानासकट ती त्याने परसात सावलीला नेऊन ठेवली.

"आजी, सगळी नीट पाहिलीत."

आजींनी ताट पुढे ओढले. सूर्य अजून मावळला नव्हता.