डाळीच्या डब्यातलं पाकीट

चि. छकुले,

काल रात्री तू फोनवर इतक्या दबक्या आवाजात बोललीस की मला वाटलं, लेकराला काही झालं. मग उलगडलं. जावेनं दिलेलं माला-डीचं पाकीट तू तूरडाळीच्या डब्यात ठेवतेस. स्वयंपाकघरात कुणी ना कुणी असतंच, म्हणून ओळीनं दोन दिवस गोळी राहिली, आणि आता विचारतेस, "मावशी, तिन्ही एकदम घेऊन टाकू का?"

तिन्ही एकदम नको. एकच राहिली असती तर आठवली त्या घटकेला घ्यायची आणि पुढची ठरल्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या, तर त्यातली शेवटची एक लगेच घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या, रोजची चालू ठेवायची आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. तुझ्या चौदा गोळ्या आधीच झालेल्या, म्हणजे तिसरा आठवडा. तेव्हा पांढऱ्या संपल्या की काळ्या बाजूला ठेव आणि दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट उघड.

का ते सांगते, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या, त्यांत दोन हार्मोन. 7 काळपट, त्या नुसत्या लोहाच्या. पांढऱ्या गोळ्यांनी अंडाशय झोपलेलं राहतं, बीज बाहेर पडत नाही. काळ्या गोळ्यांच्या सात दिवसांत पाळी येते, तेवढी सुट्टी अंडाशयाला चालते. ती लांबली की ते जागं होतं. म्हणून पांढऱ्यांतल्या सुरुवातीच्या नाहीतर शेवटच्या गोळ्या राहणं सगळ्यात धोक्याचं. पहिल्याच आठवड्यात दोन राहिल्या आणि त्याच दिवसांत संबंध आला, तर 72 तासांच्या आत नर्सबाईंना तातडीच्या गोळीचं विचारायचं. काळी राहिली तर काही बिघडत नाही.

नवरा कामाला आदिलाबादकडे गेला की गोळी बंद, आला की सुरू, असं तुझी जाऊ करते म्हणालीस. तिलाही हे वाचून दाखव. ही गोळी रोजची आहे. धनी घरी असो, नसो.

आता माझ्या काळजीची खरी गोष्ट. जावेनं पाकीट दिलं, पण तुला कुणी काही विचारलं का? बीपी मोजलं? तुझं बाळ नऊ महिन्यांचं आहे म्हणून बरं. सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पिणारं लेकरू असेल तर ही गोळी द्यायची नसते. बीपी 140/90 किंवा वर असेल तर नाही. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत्या रेघा येत असतील तर नाही. कधी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा मोठा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, पस्तिशी ओलांडून विडी ओढत असेल, तर नाही. सिकलसेल असलेल्या बाईनं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये. फिटच्या काही औषधांनी गोळीचा जोर कमी होतो, टीबीच्या रिफॅम्पिसिननंही.

या शेवटच्या ओळीची किंमत मी पाहिली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका बाईला मी दर महिन्याला पाकीट देत होते. ती टीबीची औषधं घेत होती, मी विचारलं नाही, तिला सांगावंसं वाटलं नाही. दिवस गेले. नवऱ्याला वाटलं, हिनंच गोळ्या बुडवल्या. ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मला काय बोलावं सुचेना. एक गोळी चुकवली नव्हती तिनं.

म्हणून सांगते, घरात कुणापासून लपवायची ती लपव. तुझं घर तू जाणतेस. पण आशाताई आणि डॉक्टर यांच्यापासून काही लपवू नकोस.

सासूबाई म्हणतात, गोळी गरम पडते, पुढं लेकरू होत नाही. त्यांच्याशी भांडू नकोस, पण तू घाबरू नकोस. गोळी सोडली की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत बीज पुन्हा पडू लागतं. 1960 साली अमेरिकेत पहिली गोळी आली, तिच्यात इस्ट्रोजेन 150 मायक्रोग्रॅम होतं. तुझ्या गोळीत 30 आहे. गुठळीचा धोका खरा आहे, पण केवढा ते बघ. गोळी न घेणाऱ्या, दिवस न गेलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला 1 ते 5 जणींना होते, घेणाऱ्यांत 3 ते 9, गरोदरपणात 5 ते 20. तरी एका पोटरीत सूज येऊन कळ लागली, छातीत दुखलं, दम लागला, डोकं कधी नव्हे असं ठणकलं, दिसेनासं झालं किंवा पोटात जोरात दुखलं, तर गोळी थांबव आणि सरळ गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठ. सकाळची वाट बघू नकोस. पहिले दोन-तीन महिने मळमळ किंवा मधूनच डाग दिसणं, त्याला मात्र भिऊ नकोस.

नवरात्रात माहूरला जायचं म्हणून बायका मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणतात. ती वेगळी. तिनं दिवस राहणं टळेल असं समजू नको, आणि तीसुद्धा न विचारता घेऊ नकोस.

रोज लपूनच घ्यावी लागत असेल तर छायाचा विचार कर. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली गोळी, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. 2017 पासून सरकारी कार्यक्रमात आहे, फुकट मिळते. माला-एनही फुकट आहे, आणि ती तुझ्या माला-डीसारखीच.

तुला लाज वाटते म्हणालीस. तुमच्या बैठकीत बाबासाहेबांचा फोटो आहे ना? र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटला झाला, तेव्हा 1934 साली कोर्टात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब उभे राहिले. 10 नोव्हेंबर 1938 ला मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. भाषण बाबासाहेबांनी लिहिलेलं, मांडलं पी. जे. रोहम यांनी. ठराव फेटाळला गेला. त्या फोटोखाली बसून तुझ्या नवऱ्याला हे सांग. तो ऐकेल असं मला वाटतं.

सोमवारी मी येते आहे. बीपीचं मशीन पिशवीत टाकलंय. लेकराला सासूबाईंजवळ ठेवू आणि दोघी गोकुंद्याला जाऊन येऊ. तोवर पाकीट लेकराच्या दुपट्यांत ठेव, त्याला रात्री निजवलंस की घे. तिथं तुझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

तुझी,
मावशी