गॅजेटकाका आणि आपली पेनी

१९८३ साली आलेल्या 'इन्स्पेक्टर गॅजेट' या कार्टूनमधला वेंधळा डिटेक्टिव्ह मला जाम आवडतो. टोपीतून हेलिकॉप्टर निघतं, हातपाय स्प्रिंगसारखे लांबतात. पण हवं ते यंत्र ऐन वेळी चालेल तर शपथ! डॉक्टर क्लॉचे डाव खरे उधळतात ते पुतणी पेनी, तिचा पुस्तकाएवढा कॉम्प्युटर आणि ब्रेन नावाचा कुत्रा. चीफ क्विम्बींची शाबासकी मात्र काकांना!

इथे हसता हसता मला आमचा प्रोजेक्ट ग्रुप आठवतो. रात्रभर जागून सर्किट चालवणारी एक, व्हायवात छाती फुगवणारे आम्ही तिघं. गॅजेटकाकांना निदान खरं काय घडलं ते ठाऊक नसतं. आपल्याला असतं ना? मग रिपोर्टवर पेनीचं नाव आधी लिहा, राव!