तिथलं पाणी बघितलं कोणी?



आज एका चुकीबद्दल लिहायचं आहे. चूक माझीच आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली. परिपाठात बातम्या सांगायच्या होत्या. सुट्टीत मोबाईलवर ‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशा अर्थाचं काहीतरी वाचलं होतं. मी उत्साहात सांगून टाकलं, “मुलांनो, आपल्यापासून 18 प्रकाशवर्षांवर एक राहण्यायोग्य ग्रह सापडलाय. तिथं पाणी आहे!” मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाचवीतल्या, वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने मात्र हात वर केला.

“बाई, तिथलं पाणी बघितलं कोणी?”

मी म्हटलं, “अगं, शास्त्रज्ञांनी.” तर ती म्हणाली, “आमच्याकडं पण सांगतात, टाकीला पाणी आलंय. आई हंडा घेऊन जाते, तर नळातनं नुसती हवा.”

मुलं हसली. मला हसता येईना. कर्जत-खालापुरात पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि होळी झाली की कित्येक वाड्यांवर हंड्यांची रांग. या पोरीला ‘पाणी आहे’ या शब्दांची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळत होती. “उद्या सांगते,” म्हणून मी वेळ मारून नेली.

घरी जाऊन नीट वाचलं. ग्रहाचं नाव जीजे 251 सी. ऑक्टोबर 2025 मध्ये तो जाहीर झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे सुव्रत महादेवन आणि त्यांचे सहकारी या शोधामागे आहेत. वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ग्रहाचं वजन पृथ्वीच्या जवळपास चौपट, म्हणून त्याला ‘महापृथ्वी’ म्हणतात. आणि स्वतः शास्त्रज्ञांनी शब्द वापरला आहे ‘उमेदवार’. फॉर्म भरला म्हणजे निवडून आला असं होत नाही, हे आपल्या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र उमेदवाराला परस्पर गुलाल लावून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी आधी सांगितलं, “काल बाई चुकल्या.” मग मुलांना मैदानात नेलं.

एक थोराड मुलगी आणि एक बारकी, दोघींना फुगडी घालायला लावली. बारकी लांबून गरगर फिरते, पण थोराड मुलगीही एका जागी स्थिर राहत नाही, थोडी डुलतेच. म्हटलं, “आता समजा काळोख आहे आणि फक्त मोठीच्या हातात बॅटरी आहे. बारकी दिसत नाही. तरी ती आहे हे कसं कळेल?” पोरं ओरडली, “मोठी हलतेय ना!” हा ग्रह असाच कळला. तारा आपल्याकडे सरकला की त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे झुकतो, लांब गेला की तांबड्याकडे. ते डुलणं मोजून ग्रह ओळखला. ग्रह कोणी पाहिलेला नाही, पाणी तर नाहीच नाही.

मग ‘राहण्यायोग्य’ कशावरून? त्यासाठी शेकोटी आठवायला सांगितली. फार जवळ बसलं तर चटका, लांब बसलं तर थंडी. मधल्या जागेत पाणी द्रवरूपात टिकू शकतं. हा तारा सूर्यापेक्षा लहान आणि मंद, म्हणजे शेकोटी छोटी, म्हणून ग्रह जवळ असूनही मधल्या जागेत बसतो. त्याचं वर्ष सुमारे 54 दिवसांचं. दहा वर्षांचं मूल तिथं अडुसष्ट वर्षांचं होईल, हे गणित मुलांनी आवडीने केलं. उलट उदाहरण म्हणून ‘संतमस’ सांगितला. 2019 मध्ये भारताने एका ग्रहाला हे नाव दिलं, आणि ते सुचवलं होतं पुण्यातल्या शाळकरी मुलाने. तो आपल्या ताऱ्याभोवती दोन दिवसांत फेरी मारतो. म्हणजे शेकोटीत पायच घातलेला.

शेवटी फळ्यावर तीन रकाने केले: ‘कळलंय’, ‘असू शकेल’, ‘अजून कळलेलं नाही’. वजन आणि वर्ष पहिल्यात गेलं. पाणी दुसऱ्यात. हवा आहे का, हे तिसऱ्यात. मुलीने स्वतः उठून ‘पाणी’ लिहिलं.

हे एवढं का लिहितेय? खालापूर तालुक्यात ‘राहण्यायोग्य’ हा शब्द हलका नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथं पिढ्यांची वस्ती होती. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचं नाव नव्हतं. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ घरं बांधली गेली, पण गेलेली माणसं गेलीच. अशा भागातल्या मुलांना कोणी म्हणालं, ‘इथं काही धोका नाही’ किंवा ‘तिथं सगळं आहे’, तर ‘कशावरून?’ हे विचारता आलं पाहिजे. आणि ते आधी बाईंना विचारायची सवय लागली, तर पुढे इतरांनाही विचारतील.

पालकांसाठी एक छोटं काम. या हिवाळ्यात रात्री मुलांना घेऊन अंगणात या. पूर्वेकडे शेजारी शेजारी दोन ठळक तारे दिसतील, कॅस्टर आणि पोलक्स. हेच आपलं पुनर्वसू, ज्याच्या पावसाला आपण ‘तरणा पाऊस’ म्हणतो. 2025-26 च्या हिवाळ्यात झगझगीत गुरूही तिथेच होता. हात लांब करून मूठ धरा. कॅस्टरपासून साधारण मूठभर अंतरावर, ब्रह्महृदयाच्या बाजूला, तो तारा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण जागा दाखवता येईल. आज येणारा त्याचा प्रकाश मी डी.एड.ला होते तेव्हा निघालाय. व्हॉयेजर यानाच्या वेगाने तिकडे निघालो, तर तीन लाखांहून जास्त वर्षं लागतील.

मूल विचारेल, “तिथं कोण राहतं?” तेव्हा घाईने उत्तर देऊ नका. मी दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यावं लागलं.