काही नाही

सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला साडेबारा वाजायचे. घर झोपलेलं असायचं. झाकून ठेवलेलं ताट घेऊन मी टीव्हीसमोर बसायचो, आवाज पार बंद करून. अ‍ॅनिमल प्लॅनेटवर ‘फाइंडिंग बिगफूट’ लागलेलं असायचं: रानात राहतो म्हणतात त्या केसाळ, माणसासारख्या प्राण्याचा शोध.

अमेरिकेतलं कुठलंसं रान, अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्याचा शेवाळी उजेड आणि चार माणसं. त्यांतला धिप्पाड बोबो तोंडाशी हात धरून, गळ्याच्या शिरा ताणून बिगफूटला हाक मारायचा, आणि माझ्या घरात नुसती फ्रिजची घरघर. मग कुणीतरी दांडक्यानं झाडाच्या बुंध्यावर ठोका द्यायचं. बिगफूटही म्हणे असेच ठोके देतो. ठोका दिला की सगळे कान देऊन निश्चल उभे राहायचे. तेवढ्यापुरता माझाही घास हातात थांबायचा. आवाज मीच बंद केलेला, तरी!

या चौघांत रने हॉलंड ही जीवशास्त्रज्ञ एकटीच न मानणारी. बाकीच्यांना काटकी मोडली तरी बिगफूट दिसायचा, हिला अस्वल आठवायचं. पण रात्र तीही त्यांच्याबरोबर जागून काढायची. मी खरं तर तिच्यासाठी बघत होतो. आणि कार्यक्रमातल्या गावकऱ्यांच्या सभेसाठी. एकेक जण उठून आपण काय पाहिलं ते सांगायचा. त्यात मला बढाईपेक्षा ओशाळेपणच जास्त दिसायचं. लोक हसतील हे ठाऊक असूनही माणूस उभा राहतो, याचं मला अप्रूप वाटे.

मुळात हा सगळा पसारा उभा आहे एका मिनिटभराच्या फिल्मवर. 20 ऑक्टोबर 1967, उत्तर कॅलिफोर्नियातला ब्लफ क्रीक. रॉजर पॅटरसनच्या हातातला कॅमेरा हिंदकळतोय. केसाळ काहीतरी चालत जातं आणि जाता जाता मान वळवून मागे बघतं. कातडं पांघरलेला माणूसच असणार, असं माझं मत. पण ते वळून बघणं काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

अशा कार्यक्रमांच्या हाती एकदा मात्र काहीतरी ठोस लागलं. यती म्हणजे बिगफूटचा हिमालयातला भाऊबंद. त्याच्यावरच्या एका माहितीपटाच्या निमित्तानं संशोधक शार्लट लिंडक्विस्ट यांच्याकडे यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, कातडी असे नऊ नमुने तपासायला आले. 2017 साली निकाल छापून आला: आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. यती गेला तो गेलाच. पण हिमालयातली तपकिरी अस्वलं इतर तपकिरी अस्वलांपासून फार पूर्वीच वेगळी झाली, हे त्यातून कळलं. मला हा सौदा फायद्याचा वाटतो. वाटायलाच हवा.

तरीही.

एका बुद्धपौर्णिमेला मी सह्याद्रीतल्या एका अभयारण्यात प्राणीगणनेला गेलो होतो. पाणवठ्यावर मचाण, सोबत एक वनरक्षक. चांदणं इतकं की घड्याळ वाचता यावं. पावणेदोनच्या सुमाराला समोरच्या झाडीतून ठोके आले. लाकडावर लाकूड, एका लयीत, न थांबता. माझ्या अंगावर काटा आला. तो शेवाळी उजेड, झाडापाशी गप्प उभे असलेले ते चौघे, सगळं एकदम आठवलं. ज्यांचा आवाज मी इतक्या रात्री दाबून ठेवला होता, ते जणू आत्ता ऐकू येत होते.

“रातवा,” वनरक्षक पुटपुटला. “पाखरू आहे साहेब. भुईवर बसून ओरडतंय.”

ठोके तसेच चालू होते, पण आता ते पाखराचे होते. हायसं वाटलं, आणि लगोलग थोडं वाईटही.

‘फाइंडिंग बिगफूट’ 2011 ते 2018 चाललं. शंभरच्या घरात भाग झाले आणि बिगफूट एकाही भागात सापडला नाही. माझ्या हातातल्या तक्त्यात वेळ, प्राणी आणि संख्या एवढेच रकाने होते. नुसतं ऐकलं त्याला रकाना नव्हता. ‘1.45’ च्या पुढे मी लिहिलं, ‘काही नाही’, आणि खाली सही केली.