पेलाभर 'काय'

हॅलिफॅक्सच्या धक्क्याला बांधलेल्या एका जुन्या युद्धनौकेच्या पोटात मी उभी होते. डोक्याला लागतील इतक्या खाली नळ्या, पायाखाली लोखंड आणि समोर पांढऱ्या दाढीचे एक कॅनेडियन आजोबा. त्यांनी पत्र्याचा मग पुढे केला आणि विचारलं, "काय?"

उच्चार अगदी आपला. घरापासून इतक्या लांब, सकाळपासून दाट धुकं, आणि कानावर हा शब्द! आजोबांनीच मग उलगडा केला. त्यांच्या आरमारी बोलीत कोकोला 'काय' म्हणतात. विटेसारख्या टणक चॉकलेटच्या लादीचा सुरीने कीस काढायचा, तो उकळत्या पाण्यात घालायचा, वर डब्यातलं गोड आटीव दूध ओतायचं आणि चमचा जड होईपर्यंत ढवळायचं. मध्यरात्री बारा ते पहाटे चार पहाऱ्यावर असलेल्या खलाशाला वर उघड्यावर हा मग पोचवायचा. डेकवरून लाटा जात असायच्या, म्हणून एका हाताने मग धरायचा आणि दुसऱ्या हाताने दोर.

मी तो प्यायले. माझ्या चवीला फार गोड होता, पण दोन्ही हातांत धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

खरं तर मी या बोटीवर चढणारच नव्हते. माणसं मारायची यंत्रं रंग देऊन मांडून ठेवायची आणि त्यांवर मुलांना चढवून फोटो काढायचे, हे मला कुठेच पटत नाही. मी भाच्याकडे आठ दिवसांसाठी आले होते. पेगीज कोव्हचं दीपगृह झालं, लुनेनबर्गची रंगीत लाकडी घरं झाली, लॉबस्टरही झाला. इतक्या ताज्या मासळीला आलं-लसणाचं वाटण आणि चार आमसुलं लावली असती, तर तिचं सोनं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. सहाव्या दिवशी भाचा म्हणाला, "मावशी, तू सागरी संग्रहालय बघ, मी दोन तासांत येतो."

संग्रहालयातल्या एकाच दालनात मी रेंगाळले. ६ डिसेंबर १९१७ रोजी 'माँ ब्लाँ' नावाचं फ्रेंच जहाज स्फोटकं भरून या बंदरात शिरत होतं. आत बेडफर्ड बेसिन नावाची विस्तीर्ण नैसर्गिक खाडी आहे. तिथे जहाजांचे काफिले जमत आणि एकत्र युरोपकडे निघत. त्यातल्याच एका काफिल्यात ते सामील होणार होतं. अरुंद वाटेत दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, आग लागली, आणि ती बघायला लोक खिडक्यांशी आले. स्फोटात सुमारे दोन हजार माणसं गेली आणि फुटलेल्या काचांनी कितीतरी जणांचे डोळे गेले.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आजी आली. ती मुंबईत माझगावला राहायची. १४ एप्रिल १९४४ ची दुपार ती सांगायची ती एवढीच, की आधी फळीवरची भांडी खाली आली आणि मग आवाज ऐकू आला. व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज फुटलं होतं. ते जहाज कॅनडातच बांधलेलं, पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टला, १९४२ मध्ये. एका बंदराचं दुःख दुसऱ्या बंदरातल्या माणसाला नकाशाशिवाय कळतं.

बाहेर आले तर धुक्यात ही बोट उभी होती. पांढरी, अंगावर फिकट निळे-हिरवे पट्टे. नाव 'सॅकव्हिल'. दुसऱ्या महायुद्धातल्या, फ्लॉवर वर्गाच्या शेकडो कॉर्व्हेट बोटींपैकी जगात उरलेली ही एकच. लांबी फक्त २०५ फूट, आणि आराखडा देवमाशांच्या शिकारी बोटीवरून घेतलेला. ओल्या गवतावरसुद्धा ही डोलेल, असं तिच्यावरचे खलाशी म्हणत. एवढ्याशा बोटीने उत्तर अटलांटिक पार करायचा, तोही हिवाळ्यात! माझे पाय आपोआप फळीकडे वळले.

आजोबा इथे मानधन न घेता काम करतात. मी तोफांकडे न बघता झोळ्यांकडे बघत होते, हे बहुधा त्यांनी पाहिलं असावं. जेवणाच्या टेबलावरच रात्री माणसं झोळ्या टांगून झोपत. दोन झोळ्यांमध्ये हात शिरेल इतकीच जागा. निघाल्यावर थोड्याच दिवसांत पावाला बुरशी येई. अंगावरचा कपडा पुढच्या बंदरापर्यंत वाळत नसे. "लोक विचारतात, किती पाणबुड्या बुडवल्या," आजोबा म्हणाले. "तुम्ही विचारलंत, झोपत कुठे. बसा."

मग त्यांनी मला त्यांच्या मामाची गोष्ट सांगितली. मामा या बोटीवर नव्हता. तो 'सेंट क्रॉय' नावाच्या विनाशिकेवर स्टोकर होता, बॉयलरपाशी.

'सेंट क्रॉय' ही मुळात अमेरिकेची. १९१९ साली 'मॅकूक' या नावाने आरमारात दाखल झालेली, चार धुराड्यांची, अरुंद अंगाची. १९४० मध्ये अमेरिकेने अशा पन्नास जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि बदल्यात ब्रिटिश मुलखात नाविक तळांसाठी ९९ वर्षांच्या पट्ट्याने जागा घेतल्या. त्यातल्या काही कॅनडाच्या वाट्याला आल्या. सप्टेंबर १९४० मध्ये याच हॅलिफॅक्समध्ये तिच्यावरचा झेंडा बदलला आणि दोन देशांच्या सीमेवरून वाहणाऱ्या एका नदीचं नाव तिला मिळालं. वर्षाअखेरीस ती इंग्लंडला निघाली, तर वादळाने अशी झोडपली की तिला परत इथेच यावं लागलं. ही बोट शांत बंदरात गस्त घालायच्या लायकीची होती, असं माझं मत झालं. तिला मात्र तीन वर्षं अटलांटिकवर राबवलं, आणि तिने ते केलं. जुलै १९४२ मध्ये तिने एक जर्मन पाणबुडी बुडवली, मार्च १९४३ मध्ये 'शेडिॲक' या कॉर्व्हेटच्या जोडीने दुसरी.

पण काफिल्याची राखण म्हणजे मुख्यतः वाट बघणं, हे मला आजोबांनी समजावलं. व्यापारी जहाजं रांगा धरून जातात, सर्वांत हळू जहाजाच्या वेगाने. राखणदार बोटी भोवती फिरत राहतात. मेंढरांच्या कळपाभोवती धनगराची कुत्री फिरतात तशा, मी म्हटलं. ते म्हणाले, हो, अगदी तसंच.

मग त्यांनी टेबलावरचा चमचा उचलला. "ही सेंट क्रॉय." डब्याचं झाकण ठेवलं. "ही पॉलिअँथस." माझा रिकामा मग ओढून घेतला. "ही इचन. आणि आपण बसलोय ती सॅकव्हिलही तिथेच होती."

सप्टेंबर १९४३. एक वेगवान आणि एक संथ असे दोन काफिले उत्तर अटलांटिकमध्ये एकत्र आलेले, मिळून साठहून अधिक जहाजं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाणबुड्या अटलांटिकमधून मागे हटल्या होत्या. त्या परत आल्या त्या नवा टॉर्पेडो घेऊन. हा टॉर्पेडो बोटीच्या पंख्याचा आवाज ऐकून त्याच्या मागे जायचा. त्याचा रोख राखणदारांवरच होता. विनाशिकेची सगळी ताकद तिच्या वेगात, आणि वेग वाढला की आवाज वाढतो.

२० सप्टेंबरच्या संध्याकाळी 'सेंट क्रॉय' पाणबुडीच्या मागावर काफिल्यापासून दूर गेली. आजोबांनी चमचा सरकवत टेबलाच्या कडेला नेला. 'यू-३०५' ने सोडलेला टॉर्पेडो तिच्या मागच्या बाजूला लागला. बोट जागच्या जागी थांबली. थोड्या वेळाने दुसरा लागला आणि ती गेली. चमचा त्यांनी पालथा घातला.

'इचन' ही ब्रिटिश फ्रिगेट मदतीला आली, पण तिच्यावरही टॉर्पेडो सुटला. तिला माणसांना पाण्यातच ठेवून दूर जावं लागलं. त्याच रात्री 'पॉलिअँथस' ही राखणदार बोटही बुडाली. झाकण पालथं झालं. सकाळी 'इचन' परत आली. तोवर 'सेंट क्रॉय'ची माणसं तेरा तास उत्तर अटलांटिकमध्ये होती, काही होडीत, काही तराफ्यांना धरून, तेलाने माखलेली. ८१ जणांना तिने वर ओढून घेतलं. 'पॉलिअँथस'चा एकच माणूस मिळाला, त्यालाही घेतलं. 'सेंट क्रॉय'चे कप्तान अँड्र्यू डॉब्सन मात्र गेले.

"म्हणजे वाचले," मी म्हटलं.

आजोबांनी मगावर हात ठेवला. "वाचले. कोरडे कपडे मिळाले. 'काय' मिळालं असेल. पण 'इचन'ला काफिला सोडून त्यांना किनाऱ्यावर पोचवता येणार नव्हतं. ती राखणीवरच राहिली, ही सगळी माणसं पोटात घेऊन."

२२ सप्टेंबरच्या रात्री 'इचन'ला टॉर्पेडो लागला. तीन बोटींच्या माणसांपैकी तीन जण उरले. दोघे 'इचन'चे आणि 'सेंट क्रॉय'चा एक स्टोकर, विल्यम फिशर. 'पॉलिअँथस'चा वाचलेला एकुलता एक माणूसही गेला.

मग पालथा करताना आजोबांनी जराही आवाज होऊ दिला नाही.

"मामा कोणत्या रात्री गेला, हे आईला कधीच कळलं नाही," ते म्हणाले. पहिल्या रात्री बोटीबरोबर गेला, की वाचवलेल्यांत होता आणि नंतर गेला? त्याचा पुरावा 'इचन'बरोबरच तळाला गेला. आईने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं की तो ८१ मध्ये होता. त्याला दीड दिवस ऊब मिळाली, कुणीतरी पांघरूण घातलं, हातात मग दिला, असं ती मुलांना सांगत राहिली. आजोबा म्हणाले की लहानपणी त्यांना हे खोटं वाटायचं आणि आईचा राग यायचा. आता ते या बोटीवर 'काय' करतात.

माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. खाली पाणी बोटीच्या अंगाला लागून चुबुकचुबुक वाजत होतं. आम्ही बराच वेळ तसेच बसलो.

नंतर त्यांनी मला त्या टॉर्पेडोवरचा तोडगा सांगितला, तो हॅलिफॅक्समध्येच थोड्या काळात तयार झालेला. दोन लोखंडी नळ्या बोटीमागे दोरखंडाने ओढत न्यायच्या. पाण्याच्या धारेत त्या एकमेकींवर आपटून असा कल्लोळ करतात की टॉर्पेडो पंखा सोडून त्यांच्याच मागे जातो. आवाजाला आवाजाचाच उतारा! त्या युद्धातलं मला आवडलेलं यंत्र हे एकच. ते कुणाला मारत नाही. ज्या पाणबुडीने 'सेंट क्रॉय' बुडवली, तीही जानेवारी १९४४ मध्ये सगळ्या माणसांसह बुडाली. हे सांगताना आजोबांच्या आवाजात आनंद नव्हता, आणि म्हणून मला ते अधिक आपले वाटले.

निघताना त्यांनी मग धुऊन, पुसून आकड्याला लावला. "पॉइंट प्लेझंटला जा," म्हणाले, आणि एका कागदावर मामाचं आडनाव लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी गेले. शहराच्या दक्षिण टोकाला झाडीतून वाट जाते आणि एकदम समुद्र दिसतो. तिथे ग्रॅनाइटचा उंच क्रूस आहे, बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना दिसेल असा. खाली कांस्यपट्टांवर तीन हजारांहून अधिक नावं, ज्यांना समुद्राखेरीज दुसरं थडगं नाही त्यांची. धुक्याने पट्ट ओले झाले होते. आडनाव सापडलं. मी पदराने त्यावरचं पाणी पुसलं, आणि मग शेजारच्या नावांवरचंही. बंदराच्या मुखाशी एक मालवाहू जहाज भोंगा देत बाहेर पडत होतं. १६ सप्टेंबर १९३९ ला पहिला काफिला याच मुखातून निघाला होता, १८ जहाजांचा, आणि पहिल्या पल्ल्याला राखणीला होत्या 'सॅगने' आणि 'सेंट लॉरेंट' या दोन कॅनेडियन विनाशिका. त्या दिवशी कॅनडाकडे एकूण विनाशिकाच सहा होत्या.

उरलेला दिवस पावसात गेला.

परतीच्या विमानात मला सारखी वाटत राहिली ती काफिल्यातल्या जहाजांवरच्या माणसांची काळजी. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा सुमारे चौथा हिस्सा खलाशी हिंदुस्थानी होता. त्यात रत्नागिरीकडचे, कोकणपट्टीतले मुसलमान खलाशी होते, भटारखान्यात आणि खानपानाच्या कामावर गोव्याचे होते. काही जण धुराड्याखालच्या उष्णतेत कोळसा ओढणारे आणि टॉर्पेडो लागला की सर्वांत शेवटी वर पोचणारे. त्यांच्याही आया होत्या. त्यांनाही कुणी नेमकी रात्र सांगितली नसेल. कोकणातल्या कितीतरी घरांतून अशी एक तसबीर भिंतीवर असेल, जिच्याखाली गेल्याची तारीख नाही. तुमच्या घरी असेल, तर घरातल्या जुन्या माणसाला आजच विचारा. जहाजाचं नाव तरी लिहून घ्या.

मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांसाठी चालवलेलं इंडियन सेलर्स होम आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्यांचं स्मारक आहे. तिथल्या नोंदवहीत अविभाजित हिंदुस्थानच्या आरमारातल्या चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरच्या जवळजवळ सहा हजार खलाशांची नावं आहेत.