दोन-दोनवर लाइन गेली

आमच्या आबाजींच्या लेखी १९८६ ची फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल बरोबरीत सुटली. दोन-दोन. त्यानंतर ते बारा वर्षं जगले, पण या निकालात त्यांनी फरक पडू दिला नाही. "म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. दोन आन् दोन. मंग लाइन गेली." एवढं बोलून ते पुन्हा सुपारी कातरायला लागायचे.

ती २९ जूनची रविवारची रात्र होती. आर्द्रा लागल्या होत्या, सरकी टोबून झाली होती आणि अंजनगावावर सकाळपासून ढग नुसते येऊन उभे होते. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, पानाच्या अडत्याच्या घरी. लाकडी शटरचा, कृष्णधवल. अँटेना बांबूवर इतकी उंच चढवलेली की तिच्यावर बसणाऱ्या कावळ्यालासुद्धा शहानूर नदीपलीकडचं सुर्जी दिसत असेल. मेक्सिको सिटीत भर दुपारी बारा वाजता सुरू होणारा सामना आमच्याकडे रात्री साडेअकराला. एवढ्या रात्री कोण येतं, म्हणून अडत्याने मोठ्या मनाने सगळ्यांना बोलावलं आणि सगळे आले. बायका भिंतीशी, पोट्टे जमिनीवर, म्हातारे बाजेवर, आणि गच्चीवर बांबू फिरवायला एक जण. खालून "आलं! आलं! गेलं!" असा पुकारा. त्या गच्चीवरच्या पोराने फायनलचा एकही चेंडू पाहिला नाही. त्याच्याबद्दल कुणी कधी काही लिहिणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

अंजनगावाला फुटबॉलचं काय पडलं होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. आमचं गाव नागवेलीच्या पानांचं, पानपिंपरीचं, देवनाथ मठाचं. पण त्या जूनमध्ये आम्ही अर्जेंटिनाचे झालो, आणि त्याला कारण आमचे इतिहासाचे सर.

इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाला एकच ओळ मिळालेली आहे, आणि तीही हरल्याची. २९ नोव्हेंबर १८०३ ला इकडे अडगावला लढाई झाली. १५ डिसेंबरला उत्तरेच्या डोंगरातला गाविलगड पडला. १७ ला देवगावात भोसल्यांनी तह केला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा तह आमच्या सुर्जी-अंजनगावात झाला. दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेमधला दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला, सगळं इंग्रजांच्या पदरात. समोर होता आर्थर वेलस्ली, बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. सर हा धडा शिकवताना खाली मान घालायचे, जणू सही त्यांनीच केली होती.

आणि मग तो आठवडा आला. २२ जूनला उपांत्यपूर्व सामन्यात माराडोनाने इंग्लंडवर दोन गोल केले. पहिला चक्क हाताने, आणि चार मिनिटांनी दुसरा, अर्ध्या मैदानातून एकेकाला चकवत गोलकीपरसह सगळ्यांना मागे टाकून. फॉकलंडचं युद्ध होऊन चारच वर्षं झाली होती. आपल्या घड्याळाप्रमाणे ते गोल २३ तारखेला पहाटेआधी झाले, आणि त्याच २३ तारखेला संध्याकाळी हेडिंग्लेला आपण इंग्लंडला २७९ धावांनी हरवून मालिका जिंकली. वेंगसरकरचं शतक. एकाच तारखेला इंग्रज दोन खंडांत दोन खेळांत हरला. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते ताठ मानेने. "आपण सही करून दिली होती," ते म्हणाले, "त्या बुटक्यानं आज अंगठा मारून घेतला." अंगठा नव्हे, अख्खा हात होता. पण ते सरांना सांगणार कोण?

तर अशा रीतीने आम्ही त्या रात्री पश्चिम जर्मनीच्या विरोधात बसलो होतो. जर्मनांनी आमचं काहीच वाकडं केलं नव्हतं.

अझ्टेका स्टेडियममध्ये १,१४,६०० माणसं होती, हे नंतर वाचलं. आम्हाला दिसत होती ती मुंग्यांची हालचाल. तेविसाव्या मिनिटाला ब्राउनने डोक्याने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर वाल्दानोने दुसरा. दोन-शून्य होताच अडत्याने चहाचं आधण ठेवायला सांगितलं. माराडोनाच्या पाठीला मॅथॉयस जळवेसारखा चिकटलेला. मग जर्मनांनी दोन कॉर्नरवर दोन गोल केले, आधी रुमेनिगे, मग फेलर. दोन-दोन. एक वाजून गेला होता. "आता काय होते बाप्पा," कुणीतरी म्हणालं, आणि लाइन गेली.

आधी कुणी बोललंच नाही. टीव्हीच्या मधोमध पांढरा ठिपका उरला, तोही विझला. मग बाहेर वारा सुटला, पाऊस कोसळला, आणि अंधारात बसल्या बसल्या पंचवीस माणसांनी फायनलचा निकाल लावायला सुरुवात केली. जर्मनीला जोर चढलाय म्हणून जर्मनी जिंकणार, असा एक पक्ष. माराडोना आता हात काढणार, असा दुसरा. "लाइन येईपर्यंत ते थांबतीन का?" असं एका म्हातारीने विचारलं. तेव्हा सगळे हसले. मला आज तो प्रश्न तितका हसण्याजोगा वाटत नाही. तिच्यासमोर जे चाललं होतं, ते लाइनसोबत थांबलंच होतं. आबाजी उठले, घोंगडी डोक्यावर घेतली. "बरोबरीत सुटली," म्हणाले आणि घरी जाऊन झोपले.

सकाळी पानठेल्यावर रेडिओने सांगितलं, अर्जेंटिना तीन-दोन. गोल कसा झाला, ते मात्र रेडिओने सांगितलं नाही.

तो पावसाळा संपल्यावर शहानूरच्या वाळूत रबरी चेंडू घेऊन आम्ही रोज संध्याकाळी तिसरा गोल करायचो. दोन दगडांचा खांब इकडे, दोनांचा तिकडे. कुणी तो डोक्याने केला, कुणी पाठमोरा, एकाने तर अर्ध्या मैदानावरून. माझ्या गोलमध्ये माराडोना सात जर्मनांना चकवायचा. इंग्लंडवरचा गोल मी पेपरात वाचला होता, त्यात मी दोन माणसं वाढवली. बुरुचागा व्हायला कुणीच तयार नव्हतं, कारण तो होता हेच कुणाला माहीत नव्हतं. हे नाव मी पहिल्यांदा पेपरात वाचलं तेव्हा छपाईची चूक समजून सोडून दिलं.

खरा गोल पाहिला चार वर्षांनी, अमरावतीला होस्टेलवर. अमरावती तशी मल्लखांब आणि कुस्तीची. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलेलं. फुटबॉल तिथेही सावत्रच. पण १९९० चा वर्ल्ड कप आला आणि कुणीतरी जुन्या सामन्यांची कॅसेट आणली. मी अगदी पुढे जाऊन बसलो. मैदानाच्या मध्यावर माराडोना, भोवती तीन-चार जर्मन. चेंडू उसळून आला, त्याने डाव्या पायाने एक टोला दिला, एवढंच. उजवीकडून बुरुचागा सुटला, मागे ब्रीगल धापा टाकतोय, पुढे शूमाकर. चेंडू त्याच्या बाजूने सरळ जाळ्यात. संपलं. माझा हिरमोड झाला. चार वर्षं मी ज्याला सात माणसं चकवायला लावली होती, त्याने चेंडू पायाशी ठेवलाही नव्हता.

नोकरीच्या मुलाखतीसाठी पुढे शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूर गाठून मेलने मुंबईला गेलो. मधला एक दिवस रिकामा होता, म्हणून कूपरेजवर रोव्हर्स कपचा एक सामना पाहिला. १८९१ पासून चालत आलेली ती स्पर्धा तेव्हा शेवटची वर्षं मोजत होती, स्टँड अर्धे रिकामे. शेजारी बसलेले एक वयस्क गोवेकर नेव्हिल डिसोझाबद्दल बोलत राहिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या मुंबईकराने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले होते. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष आवाजाकडे होतं. चेंडूला लाथ बसते तेव्हा पोत्यावर मूठ मारल्यासारखा आवाज येतो. अडत्याच्या टीव्हीतून तो कधी आलाच नव्हता.

२०१९ मध्ये ब्राउन गेल्याची बातमी वाचली. फायनलमध्ये त्याचा खांदा निखळला होता. त्याने जर्सी दातांनी फाडून भोक पाडलं, त्यात बोट अडकवून हात सावरला आणि शेवटपर्यंत खेळला. हे सगळं आमच्यासमोर झालं असणार. मुंग्यांमध्ये काय दिसणार? पुढच्या वर्षी नोव्हेंबरात माराडोनाही गेला. आमच्या सरांना फोन करावासं वाटलं, पण ते त्याच्याआधीच गेले होते.

२०२२ च्या १८ डिसेंबरला मी अंजनगावात होतो, बहिणीकडे. भिंतीएवढा टीव्ही, भाचा आणि त्याचे मित्र निळ्यापांढऱ्या जर्सीत. अर्जेंटिना दोन-शून्य. तेविसाव्या मिनिटाला पहिला गोल, तेव्हाच माझ्या पोटात काहीतरी हललं होतं. ऐंशीव्या मिनिटाला एम्बाप्पेने पेनल्टीवर एक फेडला. पोरं गप्प. दोन मिनिटंही गेली नसतील, त्याने दुसरा मारला. खोलीत एकच ओरडा झाला, आणि मी वर पाहिलं.

"मामा, वर काय पाह्यता?" भाचा म्हणाला.

"लाइन."

"लाइन हाय ना. आन् गेली तं इन्व्हर्टर हाय."

मी मान खाली केली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे होते. दोन, दोन.